पोलाक, पोल्स्की आणि आपले 'पोलिश'



गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या बाई मला कॉलेजात भेटायला आल्या. काखेत ड्रॉइंग पेपरची गुंडाळी होती. मुलांना हाताशी धरून त्या भित्तिपत्रक करीत होत्या आणि विषय घेतला होता वळिवड्याच्या छावणीचा. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसे राहत होती. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्मारकस्तंभही अनेकांनी पाहिला असेल.

बाईंची माहिती सगळी जमली होती. गाडी अडली होती ती मथळ्यापाशी. एका मुलाने लिहिले होते 'वळिवड्याचे पोलिश', दुसऱ्याने 'पोल लोक', तिसरीने 'पोलंडवासी'. चौथ्याचे म्हणणे, पोलिश म्हटलं की बुटाचं पॉलिशच डोळ्यांपुढं येतं. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच एक शब्द ठरवून द्या, म्हणजे आम्ही सुटलो." मी हातातले पेपर बाजूला न सारताच म्हणालो, "पोलिश लिहा की. माणूस पोलिश, भाषा पोलिश. त्यात काय एवढं?"

बाई गेल्या. पण रात्री जेवताना मला माझ्याच उत्तराची चुटपूट लागली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने इतके उडवून लावायला नको होते. कारण हा जो 'पोलिश' शब्द आपण माणसालाही लावतो, भाषेलाही लावतो आणि राज्यालाही लावतो, तिथे खुद्द त्या लोकांच्या भाषेत तीन निरनिराळे शब्द आहेत. आणि वळिवड्यापर्यंत कोण पोचले व कोण वाटेतच राहिले, याचा निकाल काही वेळा या शब्दांतल्या फरकावर लागला आहे. म्हणून आज तेच सांगायला बसलो आहे.

आधी व्याकरण उरकून घेऊ. कंटाळू नका, थोडेच आहे. त्या भाषेत देशाला म्हणतात पोल्स्का. तिथल्या पुरुषाला पोलाक, बाईला पोल्का आणि सगळ्यांना मिळून पोलात्सी. भाषेला मात्र सहसा स्वतंत्र नाम वापरत नाहीत. तिला म्हणायचे 'येन्झिक पोल्स्की'. येन्झिक म्हणजे जीभ आणि येन्झिक म्हणजेच भाषा, आणि पोल्स्की हे नुसते विशेषण. एखादा ती भाषा बोलतो असे सांगायचे तर आणखी तिसरा शब्द, 'पो पोल्स्कू'. त्याचा अर्थ पोलंडच्या रीतीने. म्हणजे मनुष्य हे नाम, भाषा हे विशेषण आणि बोलणे हे क्रियाविशेषण! लिहितानासुद्धा माणसाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचे आणि भाषेचे लहान. आपल्या देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे ही गंमत आपल्याला दिसायची नाही. त्यांच्याकडे मोठ्या अक्षराची पोल्का म्हणजे बाई आणि लहान अक्षराचा पोल्का म्हणजे नाच. तो नाच मूळचा शेजारच्या चेक लोकांचा, ही आणखी एक गंमत. असो.

अनेकवचनाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. नुसत्या बायका असतील तर पोल्की म्हणायचे. पण शंभर बायकांत एक बाप्या येऊन उभा राहिला की व्याकरणाने सगळ्या पोलात्सी झाल्या, क्रियापदही बदलले. आपण अशा वेळी नपुंसकलिंगाचा तोडगा काढतो, 'नवराबायको आली' म्हणतो. तसला समेट त्या भाषेने केलेला नाही.

आता हे नाव आले कुठून? 'पोले' म्हणजे 'शेत', मोकळे रान. आजही त्या भाषेत शेताला तोच शब्द आहे. वार्ता नदीच्या मुलखात रानावर नांदणारे ते पोलाने आणि त्यांचा देश पोल्स्का, अशी व्युत्पत्ती सामान्यतः देतात. म्हणजे मावळातले ते मावळे, तसे रानावरचे ते पोलाने. शेजाऱ्यांनी मात्र त्यांना दुसऱ्याच एका टोळीवरून हाका मारल्या. हंगेरीत त्यांना लेंग्येल म्हणतात, लिथुआनियात लेन्कस आणि इराणात पोलंड देशाला आजही लहेस्तान म्हणतात. या दुसऱ्या नावाचे मूळही जमिनीतच आहे. झाडी तोडून लागवडीला आणलेल्या रानासाठी जो जुना शब्द होता, त्याच्याशी ते जोडतात. तेव्हा कोणत्याही बाजूने गेलात तरी शेतकऱ्याच्या बांधावरच येऊन ठेपता.

आणि हेच लोक आपल्या पश्चिमेच्या शेजाऱ्याला, जर्मन माणसाला, काय म्हणतात? न्येमिएत्स. त्याचे मूळ 'न्येमी' म्हणजे मुका. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो मुका! यावरून कुणाला हसू नका. आपल्या संस्कृतातल्या म्लेच्छ शब्दाचे मूळही अस्पष्ट बोलणे हेच आहे.

हे झाले शब्दांचे कुळ. पण शेतावरून नाव पडलेल्या त्या देशात शेतकरी स्वतःला पोलाक म्हणवीत होता का? इथे गोष्ट अवघड होते. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत 'पोलिश राष्ट्र' या शब्दाने सारी प्रजा समजली जात नसे. त्याचा अर्थ होता सरदार-जहागीरदारांचा वर्ग. त्याला ते 'श्लाख्ता' म्हणत. शेकड्याला आठ-दहा माणसे या वर्गातली. राजा निवडायचा हक्क त्यांना, सभेत बसायचा हक्क त्यांना आणि राष्ट्र म्हणजेही तेच. या वर्गातला एखादा लिथुआनियातला असे, एखादा युक्रेनच्या बाजूचा असे. घरची मूळ बोली वेगळी असली तरी तो राष्ट्राने पोलिश. आणि त्याच्या शेतावर वेठ करणारा कुळवाडी अस्सल पोलिश बोलत असूनसुद्धा त्या राष्ट्रात त्याला जागा नाही. भाषा एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार होता.

पुढे १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश खाऊन टाकला. एकशे तेवीस वर्षे, म्हणजे १९१८ पर्यंत, पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हते. जमीनदारांनी बंडे केली. १८४६ साली ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशिया प्रांतात असाच उठाव व्हायचा होता. त्या वेळी तिथल्या शेतकऱ्यांनी काय करावे? त्यांनी बंडात सामील होण्याऐवजी जमीनदारांच्याच वाड्यांवर हल्ले केले आणि शेकडो जणांना ठार मारले. मारणारा आणि मरणारा दोघेही एकच भाषा बोलत होते. पण पोलाक म्हणजे जमीनदार, वेठीला धरणारा मालक, असेच कुळांच्या डोक्यात बसले होते. ती स्वतःला बादशहाची माणसे म्हणवीत.

या संदर्भात मला एका शेतकऱ्याचे आत्मचरित्र फार मोलाचे वाटते. त्याचे नाव यान स्वोम्का. जन्म १८४२ चा, त्याच गॅलिशियातल्या जिकुफ गावचा. वेठबिगारीचे शेवटचे दिवस त्याने लहानपणी पाहिले, पुढे बरीच वर्षे तो गावचा मुख्य होता. १९१२ साली त्याच्या आठवणी पुस्तकरूपाने निघाल्या. त्यात तो सांगतो की आमच्या गावची माणसे स्वतःला माझूर म्हणत आणि आपल्या बोलीलाही माझूरीच म्हणत. आपण पोलाक आहोत हे स्वोम्काला कळले ते पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचायला लागल्यावर. हा मनुष्य काही परक्या मुलखातला नव्हता. ज्या भाषेत तो जन्मल्यापासून बोलत होता, त्या भाषेच्या लोकांचे नाव आपल्यालाही लागू आहे, हे त्याला छापील अक्षराने सांगितले.

शिक्षक बंधुभगिनींनी इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. कारण पुढची गोष्ट शाळेतच घडली.

प्रशियाच्या ताब्यातल्या भागात व्झेश्निया नावाचे एक लहान गाव आहे. १९०१ साली तिथल्या शाळेत वरच्या वर्गांचे धर्मशिक्षणही जर्मन भाषेतून द्यायचे ठरले. बाकीचे विषय आधीच जर्मनमध्ये गेले होते, आपल्या भाषेत एवढा एकच तास राहिला होता. मुलांनी जर्मन पुस्तके घ्यायला आणि जर्मनमध्ये उत्तरे द्यायला नकार दिला. मे महिन्यात एके दिवशी शिक्षकांनी त्यांना मागे ठेवून घेतले आणि छड्यांनी मारले. मुले रडू लागली, ते बाहेर ऐकू गेले, आईबाप शाळेपुढे जमले, आरडाओरडा झाला. मुलांना मारणाऱ्यांचे काही झाले नाही. खटला झाला तो पालकांवर. नोव्हेंबरात ग्न्येझ्नो येथील न्यायालयाने त्यांना शिक्षा दिल्या, एका बाईला तर अडीच वर्षांची कैद झाली. श्येन्क्येविच हे त्या काळचे नामांकित कादंबरीकार. त्यांनी जाहीर निषेध केला आणि ही बातमी युरोपभर गेली. पुढे १९०६-०७ मध्ये अशा शाळाबंदची लाट त्या प्रांतात शेकडो शाळांतून पसरली.

आता प्रश्न असा की ती मुले कोण होती? कागदोपत्री प्रशियन. राजा जर्मन, दाखल्यावरचा शिक्का जर्मन. पोल्स्का नावाचा देश त्यांच्या आजोबांनीही पाहिलेला नव्हता. त्यांच्यापाशी फक्त 'पो पोल्स्कू' होते, पोलंडच्या रीतीने देवाची प्रार्थना करणे. त्या क्रियाविशेषणासाठी त्यांनी छड्या खाल्ल्या, आणि त्यावरून ती पोलाक ठरली. स्वोम्काला अक्षराने जे मिळाले ते या मुलांना छडीने मिळाले, असे म्हणा ना.

मात्र भाषा हीच कसोटी धरली तरी सगळा हिशेब चुकता होत नाही. पोलिश भाषेतला सर्वांत थोर कवी म्हणून ज्याचे नाव घेतात तो आदाम मित्स्क्येविच १७९८ साली जन्मला तो आज बेलारूसमध्ये असलेल्या मुलखात. त्याचे 'पान तादेउश' हे महाकाव्य १८३४ साली पॅरिसमध्ये छापले गेले. ते पोलिश मुले आजही शाळेत शिकतात आणि त्याच्या अगदी आरंभी कवी मातृभूमी म्हणून हाक मारतो ती लिथुआनियाला! त्याच्या लेखी यात विसंगती काहीच नव्हती. तो मुलखाने लिथुआनियन, भाषेने आणि राष्ट्राने पोलिश होता. आज लिथुआनियात, बेलारूसमध्ये आणि पोलंडमध्ये तिन्हीकडे त्याला आपला म्हणतात. शेजाऱ्यांत यावरून कुरबुरी चालतात खऱ्या, पण त्यात त्या बिचाऱ्या कवीचा काय दोष?

१९१८ मध्ये पोलंड पुन्हा नकाशावर आले. आता राज्य आले, म्हणजे नागरिक आले, म्हणजे शिरगणती आली. इथून तिसरा शब्द कामाला लागतो, 'ओबिव्हातेल पोल्स्की', म्हणजे पोलंडचा नागरिक. हे पोल्स्की विशेषण भाषेलाही लागते आणि नागरिकालाही लागते. पोलाक हे नाम मात्र सर्वांना लागत नाही. त्या राज्यात युक्रेनी होते, बेलारूसी होते, ज्यू होते, जर्मन होते. हे सगळे ओबिव्हातेल पोल्स्की, पण शेजारी त्यांना पोलाक म्हणेल याची खात्री नाही. आणि त्यांतले कित्येक स्वतःला तसे म्हणवूनही घेणार नाहीत.

१९३१ च्या शिरगणतीत माणसाला 'तू कोणत्या राष्ट्राचा' असे विचारलेच नाही, मातृभाषा आणि धर्म एवढेच विचारले. पोलेस्ये नावाचा पूर्वेकडचा दलदलीचा प्रांत आहे. तिथल्या सात लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून काय लिहून दिले असेल? 'तुतेइशी'. म्हणजे 'इथली'! ना पोलिश, ना बेलारूसी, ना युक्रेनी. आम्ही इथले, आमची भाषा इथली. गणती करणाऱ्या सरकारलाही हे उत्तर सोयीचे होते, कारण त्यामुळे बेलारूसींचा आकडा आपोआप खाली आला, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे. ते खरेच असेल. तरीपण चावडीवर कारकुनापुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याने 'इथली' असे उत्तर दिले, याचे मला फारसे नवल वाटत नाही. तुम्हालाही वाटणार नाही.

आता वळिवड्याकडे जाणाऱ्या वाटेला लागू.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून. पूर्वेचा भाग रशियाने गिळला आणि तिथल्या लोकांवर आपले नागरिकत्व लादले. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार खेपांत लाखो माणसे गुरांच्या डब्यांतून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. रात्री दार ठोठवायचे, तासाभरात निघा म्हणायचे. वळिवड्याला जी कुटुंबे पुढे आली ती बहुतेक याच वाटेने गेलेली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली आणि वारे फिरले. ३० जुलैला लंडनमधल्या पोलिश सरकारचा आणि सोव्हिएतांचा करार झाला. ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की अडकवून ठेवलेल्या पोलिश नागरिकांची सुटका व्हावी. शब्द नीट ऐका, नागरिकांची. त्यात पोलाक आले, तसेच ज्यू, युक्रेनी, बेलारूसीही आले. जो १९३९ पूर्वी त्या राज्याचा होता तो सुटला. चार महिने असे गेले. मग १ डिसेंबर १९४१ रोजी सोव्हिएत सरकारने खलिता धाडून अर्थ आवळला. पूर्व भागातल्या ज्यू, युक्रेनी आणि बेलारूसी लोकांना आम्ही पोलंडचे नागरिक मानत नाही, ते आमचे प्रजाजन. सवलत फक्त जे राष्ट्रीयत्वाने पोलिश आहेत त्यांना. म्हणजे नागरिक हा शब्द काढून घेतला आणि त्या जागी पोलाक हा शब्द बसवला. दोन्हींचे इंग्रजी केले तर पोलिश, मराठी केले तरी पोलिशच! आणि या दोन पोलिशांच्या मध्ये कितीतरी माणसे अडकून पडली.

नाव काय, देव कोणता, घरात काय बोलता, यावरून माणसाचे पारडे ठरू लागले. एकाच डब्यातून आलेले दोन शेजारी. एकाच गावचे, एकाच शाळेत एकाच पोलिश भाषेत शिकलेले. एक नाव सांगतो आणि यादीत चढतो. दुसरा नाव सांगतो आणि त्याला माघारी पाठवतात. पोलिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मनातही ज्यूंविषयी आकस होताच, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही काही हजार ज्यू त्यांच्या सैन्याबरोबर निसटले. जानेवारी १९४३ मध्ये तर सोव्हिएतांनी पोलाकांचीही सवलत काढून घेतली. जे मागे राहिले त्यांना सोव्हिएत पासपोर्ट घ्या म्हणून सांगण्यात आले, आणि नकार देणाऱ्यांची रवानगी तुरुंगात झाली.

त्याआधी, १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये, एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली होती. तापाने, अतिसाराने जर्जर झालेली, अंगावर चिंध्या. कित्येक जण तिथल्याच मातीत पुरले गेले. इराणी लोकांनी त्यांना आपल्या जुन्या शब्दाने ओळखले, लहेस्तानचे म्हणून. तिथून काही आफ्रिकेत गेली, काही कराचीवरून आपल्याकडे आली. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला आणि मोठी वसाहत झाली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. माझ्या आजोबांच्या तोंडी त्यांना एकच नाव होते, पोलंडवाले. बाजारात भाजीला आले तरी पोलंडवाले आणि देवळासारखे घंटा वाजवून प्रार्थनेला जमले तरी पोलंडवाले.

वळिवड्याला त्यांनी शाळा काढल्या, चर्च केले, नाटके बसवली, बालवीरांची पथके काढली. सगळे अर्थात पो पोल्स्कू. पण १९४५ साली याल्टाच्या वाटाघाटीत त्यांचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएतांकडेच राहिला. परतायचे कुठे? पोल्स्का होती, पण त्यांचे गाव तिच्यात नव्हते. बरेच जण इंग्लंडला गेले, काही आणखी दूर. अशा देशाबाहेरच्या आपल्या माणसांसाठी त्या भाषेत आणखी एक शब्द आहे, 'पोलोनिया'. लॅटिनमध्ये याच शब्दाचा अर्थ पोलंड देश असा होतो. आज पोलिश लोक तो वापरतात परदेशी पांगलेल्या आपल्या मंडळींसाठी. २०२४ साली आपले पंतप्रधान वॉर्सा येथे गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकालाही त्यांनी पुष्पचक्र वाहिले, ही बातमी आपण सर्वांनी ऐकली असेल.

परदेशात गेले की शब्दांचे रंगही बदलतात. पोलाक हा घरचा सभ्य, अभिमानाचा शब्द. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्येही तो साध्या अर्थाने येतो. पण अमेरिकेत कारखान्यांत, खाणींत राबायला गेलेल्या पोलिश मजुरांना तोच शब्द हिणवून मारू लागले आणि आज इंग्रजीत ती शिवी आहे. जर्मनमध्येही त्याच मुळाचा एक शब्द शिवीसारखाच. म्हणून इंग्रजी जाणणाऱ्याने पोलंडच्या माणसाला पोलाक म्हणताना जरा जपून असावे. त्याच्या भाषेत बोलत असाल तर बेलाशक म्हणा. असे आपल्याकडेही आहेच. बाहेरच्या प्रांतांत एकेकाळी सरसकट सगळ्या मराठी माणसाला मराठा म्हणत, आणि आपण घरात तोच शब्द वेगळ्या मापाने वापरतो.

जाता जाता आपल्या भागाशी नाते असलेल्या एका माणसाची आठवण करतो. मॉरिस फ्रीडमन. जन्माने वॉर्साचे ज्यू. ते जन्मले तेव्हा वॉर्सा रशियाच्या झारच्या राज्यात होते, तेव्हा पहिल्या कागदावर ते झारचे प्रजाजन असणार. पुढे पोलंड झाल्यावर पोलंडचे. शिक्षणाने इंजिनिअर. १९३० नंतर ते हिंदुस्थानात आले, गांधीजींच्या सहवासात आले आणि भारतानंद झाले. साताऱ्याकडच्या औंध संस्थानाने १९३९ मध्ये गावोगावच्या पंचायतींना अधिकार देणारी घटना केली, तिच्या घडणीत या गृहस्थांचा मोठा वाटा होता. आणि मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, त्याचा इंग्रजी ग्रंथ १९७३ साली त्यांनीच सिद्ध केला. आता या माणसाला कोणता शब्द लावाल? १९४१ च्या त्या डिसेंबरात ते रशियात असते तर यादीत त्यांचे नाव चढलेच असते असे सांगता येत नाही.

आणि हा प्रश्न जुना झाला असे समजू नका. २००७ साली पोलंडच्या संसदेने 'कार्ता पोलाका' नावाचा कायदा केला. म्हणजे पोलाक असल्याचे कार्ड. ते मिळते पोलंडचे नागरिक नसलेल्यांना! पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या देशांतल्या पोलिश वंशाच्या लोकांसाठी ते सुरू झाले, २०१९ पासून साऱ्या जगातल्या लोकांना खुले झाले. अट काय? आईबाप, आजी-आजोबा यांपैकी कुणी एक किंवा पणजी-पणजोबांपैकी दोघे पोलिश असावेत आणि स्वतःला ती भाषा निदान थोडीफार यावी. म्हणजे नागरिक नाही, पण पोलाक आहे, आणि त्याचा एक पुरावा भाषा. उलट देशाच्या आत सायलेशिया प्रांतात २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर लोकांनी आपण सायलेशियन असल्याचे लिहिले. ते सगळे पोलंडचे नागरिक. त्यांच्या बोलीला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारे विधेयक २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सही न करता परत केले. काशुबी भाषेला तो दर्जा २००५ सालीच मिळाला आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला आणि आदल्या दिवशीचे उत्तर मागे घेतले. म्हटलं, "भाषेला पोलिश म्हणा, त्याला हरकत नाही. माणसांना मात्र पोलंडची माणसं म्हणा. वळिवड्याला जे आले ते त्या राज्याची माणसं म्हणून आले, आणि जे वाटेत राहिले तेही त्याच राज्याचे होते." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मुलीनं लिहिलं होतं तेच की, सर." पोलंडवासी! मी निमूट हो म्हटलं.

भित्तिपत्रक आता शाळेच्या व्हरांड्यात लागले आहे. मी जाऊन पाहून आलो. त्याच मुलीने खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईने शब्दही लिहून ठेवले आहेत : पोल्स्का, पोलाक, पोल्का, पोपोल्स्कू. हा शेवटचा तिने जोडून लिहिला आहे. तो तोडून लिहायला हवा, हे बाईंना सांगायचे राहूनच गेले.